टाकीत श्वास भरताना

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात लेडव्हिल हे खाणकामगारांचं जुनं गाव आहे. तिथला विमानतळ समुद्रसपाटीपासून ९,९३४ फुटांवर आहे. उत्तर अमेरिकेत एवढ्या उंचीवरचा दुसरा सार्वजनिक विमानतळ नाही. आपल्या कळसूबाईची उंची ५,४०० फूट. म्हणजे लेडव्हिलला विमानाची चाकं जमिनीला टेकलेली असतात तेव्हाच आत बसलेला माणूस कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर असतो. तिथून पूर्वेला निघा की पश्चिमेला, रॉकी पर्वताची रांग आडवी येतेच. एकट्या कोलोरॅडोत १४,००० फुटांवरची पन्नासहून अधिक शिखरं आहेत, आणि डोंगरधार ओलांडताना निदान दोन हजार फूट वरून जावं, हा डोंगरी उड्डाणाचा पहिला पाठ आहे. खिंडी शोधत गेलं तरी बारा-तेरा हजार फूट चुकत नाहीत. ढगांच्या वरून सरळ जायचं तर सोळा-सतरा हजार.

हौशी वैमानिक ज्या विमानांतून हा प्रवास करतात ती बहुतेक चार आसनांची, एका इंजिनाची असतात. प्रवासी जेटच्या केबिनमधली हवा यंत्राने दाबून सहा ते आठ हजार फुटांवरच्या हवेइतकी राखलेली असते, म्हणून पस्तीस हजार फुटांवर आपण निवांत चहा पितो. या छोट्या विमानांपैकी बहुतेकांना ती सोय नसते. बाहेर जी हवा, तीच आत. म्हणून आसनाच्या मागे पट्ट्यांनी आवळून ठेवलेली ऑक्सिजनची एक छोटी टाकी असते, तिला रेग्युलेटर, आणि तिथून निघून नाकापर्यंत येणारी पातळ नळी. दवाखान्यात पाहिलेलीच.

ही टाकी संपते. ती कुठे, कोणी आणि कशी भरायची, हा प्रश्न विमानविद्येच्या पुस्तकांत दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. मला तो एवढा किरकोळ वाटत नाही. टाकी भरून घेणं जिथे महाग किंवा गैरसोयीचं असतं, तिथे माणसं ऑक्सिजन जपून वापरायला लागतात, आणि वर गेल्यावर ती काटकसर जिवावर बेतते. उलट जिथे घाईने, ऐकीव माहितीवर टाकी भरली जाते, तिथे आग लागते. दोन्हीकडची चूक माणसाचीच, आणि दोन्ही टाळता येतात.

आधी वरची गोष्ट. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण कुठेही गेलात तरी सुमारे २१ टक्केच असतं. घटतो तो हवेचा दाब. १८,००० फुटांवर तो समुद्रसपाटीच्या निम्मा होतो, आणि प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजनही निम्मा. अमेरिकेच्या उड्डाण नियमांनुसार १२,५०० फुटांच्या वर, १४,००० पर्यंत, अर्ध्या तासाहून जास्त काळ राहायचं असेल तर त्या अर्ध्या तासानंतर वैमानिकाने ऑक्सिजन घेतलाच पाहिजे. १४,००० च्या वर तो सतत हवा. १५,००० च्या वर विमानातल्या प्रत्येक माणसासाठी त्याची सोय असली पाहिजे. ही झाली कायद्याची मर्यादा. हे नियम करणाऱ्या खात्याचा सल्ला मात्र कायद्यापेक्षा पुष्कळ कडक आहे: दिवसा १०,००० फुटांपासून आणि रात्री चक्क ५,००० फुटांपासून ऑक्सिजन घ्यावा. डोळ्यांच्या पडद्याला ऑक्सिजनची कमतरता फार लवकर जाणवते, आणि रात्री धावपट्टीचे दिवे ओळखायला तोच लागतो.

ऑक्सिजन कमी पडला की दम लागेल, गुदमरल्यासारखं होईल, आणि मग आपण सावध होऊ, अशी बहुतेकांची समजूत असते. तसं होत नाही. गुदमरल्याची भावना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते, आणि उंचावर तो श्वासावाटे व्यवस्थित बाहेर जात असतो. त्यामुळे माणसाला बरं वाटतं. कित्येकदा नेहमीपेक्षा जास्तच बरं. नखं निळसर होतात, अक्षर बिघडतं, साधी बेरीज चुकते, पण त्याची खंत वाटत नाही. आपलं बिघडलंय हे ओळखणारी बुद्धीच सगळ्यांत आधी जाते. २५,००० फुटांवर ऑक्सिजनशिवाय काहीतरी उपयोगाचं करायला माणसाला तीन ते पाच मिनिटं मिळतात; ३५,००० फुटांवर अर्धं ते एक मिनिट.

याचा सर्वांत हृदयद्रावक पुरावा विमानांच्या जन्माआधीचा आहे. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसच्या ला व्हिलेतमधून ‘झेनिथ’ नावाचा बलून वर गेला. त्यात तिघे होते: गास्तों तिसांदिए, जोसेफ क्रोसे-स्पिनेली आणि तेओदोर सिव्हेल. उंचीचा शरीरावर होणारा परिणाम ज्याने पहिल्यांदा पद्धतशीर अभ्यासला तो फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर याच्या सल्ल्याने त्यांनी पिशव्यांत ऑक्सिजनमिश्रित हवा भरून घेतली होती. ती पुरणार नाही, असं बेरने त्यांना पत्राने कळवलं होतं; पत्र उशिरा पोचलं. साठा थोडा म्हणून तो अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायचा, असं तिघांनी ठरवलं. गरज पडली तेव्हा तिसांदिएला नळीपर्यंत हातच उचलता येईना. बलून ८,००० मीटरच्या वर जाऊन खाली आला, तेव्हा एकटा तिसांदिए जिवंत होता. ऑक्सिजन जवळ असून दोघे गेले, आणि ते जाण्याचं कारण काटकसर हे होतं. दीडशे वर्षांनी आजही कोणी वैमानिक ‘टाकीत थोडाच उरलाय, अजून जरा वर गेल्यावर लावू’ म्हणतो तेव्हा तो तोच निर्णय पुन्हा घेत असतो.

दाबयुक्त केबिन असली म्हणजे चिंता मिटली असंही नाही. ५ सप्टेंबर २०१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरहून फ्लोरिडाकडे निघालेल्या एका खासगी टर्बोप्रॉप विमानाच्या वैमानिकाने २८,००० फुटांवर असताना खाली येण्याची परवानगी मागितली. बोलणं शांत होतं, घाई नव्हती. त्याला २५,००० फुटांपर्यंत उतरवलं गेलं, त्याच्याही खाली यायची परवानगी मिळाली, पण तोवर उत्तरं विस्कळीत झाली आणि नंतर थांबली. लढाऊ विमानांनी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा वैमानिक आसनात कोसळलेला होता. विमान आपोआप उडत क्युबा ओलांडून जमैकाजवळ समुद्रात पडलं.

आता खालची गोष्ट, हँगरमधली.

मोठ्या विमानतळांवर ऑक्सिजन भरून मिळतो, पण ती सोय बहुधा जेटवाल्यांसाठी, विमानात कायम बसवलेल्या टाक्यांसाठी असते. हातातली टाकी घेऊन आलेल्या माणसाला कित्येक ठिकाणी ‘सोमवारी या’ म्हणतात, आणि उडायचं असतं शनिवारी. वैद्यकीय ऑक्सिजनसाठी अमेरिकेत डॉक्टरची चिठ्ठी लागते. म्हणून ग्लायडर क्लब आणि बरेच खासगी वैमानिक स्वतःच मोठे सिलिंडर आणून ठेवतात आणि त्यांतून छोटी टाकी भरतात. नेव्हाडातलं मिंडेन हे अशा मंडळींचं मोठं ठिकाण. सिएरा नेव्हाडाच्या डोंगरांवरून वाहणारा वारा पलीकडे लाटेसारखा उसळतो. त्या लाटेवर इंजिन नसलेलं ग्लायडर जेटइतकं उंच जाऊ शकतं. याच लाटेचा अभ्यास करताना १९५२ साली लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लिफोर्थ ४४,२५५ फुटांवर पोचले होते. पुण्याच्या हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरात ग्लायडर उन्हाने तापलेल्या हवेच्या आधाराने चार-पाच हजार फूट चढतं, तिथे ऑक्सिजनचं काम पडत नाही. मिंडेनला मात्र दोरखंड आणि पॅराशूटच्या बरोबरीने ऑक्सिजनची टाकी हे रोजचं सामान आहे.

मी हे काम जवळून पाहिलं ते डेन्व्हरच्या उत्तरेला एका छोट्या विमानतळावरच्या हँगरमध्ये. पुण्यातून इंजिनिअर होऊन तिकडे गेलेले, आता निवृत्तीला आलेले एक गृहस्थ तिथे स्वतःचं चार आसनांचं विमान ठेवतात. नाव न लिहिण्याच्या अटीवर त्यांनी बोलावलं होतं. आत शिरल्यावर नमस्कार झाला आणि लगेच त्यांनी विचारलं, “हाताला काही लावलंय का? क्रीम वगैरे? डोक्याला तेल?”

केसांना खोबरेल होतं. “मग तुम्ही त्या दाराशी उभे राहा. राग मानू नका, पण नळीजवळ येऊ नका,” ते म्हणाले. स्वतः साबणाने हात धुऊन, कोरडे करून, त्यांनी एका बंद पिशवीतून पाना काढला. तो पाना फक्त या कामाचा. विमानाच्या इंजिनाला वापरलेलं कुठलंही हत्यार ते ऑक्सिजनला लावत नाहीत. मोठा दरवाजा वर सरकवलेला होता, वारा आत येत होता. ऑक्सिजन गळला तर साठू नये म्हणून. हवेतलं त्याचं प्रमाण २३.५ टक्क्यांवर गेलं की अमेरिकेचे कामगार-सुरक्षेचे नियम ती हवा धोकादायक मानतात, आणि ऑक्सिजन कपड्यांत मुरून राहतो. बाहेर येऊन लगेच कोणी सिगारेट पेटवली तर कपडे भडकतात.

भिंतीशी साखळीने बांधलेले तीन उंच सिलिंडर उभे होते. साखळी शोभेची नाही. भरलेला सिलिंडर आडवा पडून वरचा व्हॉल्व्ह तुटला तर आतला वायू त्याला क्षेपणास्त्रासारखा फेकतो. त्या व्हॉल्व्हच्या आट्यांत तेल नव्हतं, टेफ्लॉनच्या टेपचे तुकडेही नव्हते. पितळ स्वच्छ होतं. ऑक्सिजनचे आटे उजवे असतात, ऍसिटिलीनसारख्या जळणाऱ्या वायूंचे डावे, म्हणजे चुकूनही भलती नळी बसत नाही. ही पद्धत आपल्याकडच्या वेल्डिंगच्या दुकानातही तीच.

एकाऐवजी तीन सिलिंडर कशासाठी, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. वायू फक्त जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, आणि दोन्हीकडे दाब सारखा झाला की थांबतो. समजा मोठ्या सिलिंडरची पाण्याने मोजलेली क्षमता ४५ लिटर आणि छोट्या टाकीची ५ लिटर. मोठ्यात २,२०० पीएसआय दाब आहे, छोटी जवळपास रिकामी, २०० वर. (मोटारीच्या टायरमध्ये तीस-बत्तीस पीएसआय असतो, त्यावरून कल्पना यावी.) दोन्ही जोडले तर दाब २,००० वर येऊन थांबेल. पुढच्या वेळी तोच सिलिंडर छोट्या टाकीला १,८२० पर्यंतच भरेल, तिसऱ्या वेळी जेमतेम १,६५८. मोठ्या सिलिंडरात तीन-चतुर्थांश ऑक्सिजन शिल्लक असून तो पूर्ण टाकी भरण्याच्या कामाचा उरला नाही.

आता तीन सिलिंडर घ्या, १,०००, १,६०० आणि २,२०० पीएसआयचे. रिकामी टाकी आधी सर्वांत कमी दाबाच्या सिलिंडरला जोडायची: ती ९२० वर जाते. मग मधल्याला: १,५३२. मग सर्वांत भरलेल्याला: २,१३३. भरलेल्या सिलिंडरातून या खेपेला फक्त ६७ पीएसआय गेले, एकट्याने भरली असती तर २०० गेले असते, आणि टाकीही कमीच भरली असती. म्हणजे जुन्या सिलिंडरांतला उरलासुरला ऑक्सिजन वापरला जातो आणि नवा शेवटच्या टप्प्यासाठी राखला जातो. क्रम उलटा केला, आधी भरलेला मग अर्धा, तर भरलेल्याचा दाब वाया जातो आणि टाकीतला वायू उलट अर्ध्या सिलिंडरात शिरतो. हा हिशेब तापमान स्थिर धरून केलेला आहे, आणि खरी मेख तापमानातच आहे.

वायू दाबला की तापतो. सायकलचा पंप मारताना खालचं टोक गरम लागतं, ते त्याचमुळे. ऑक्सिजनच्या बाबतीत याचे दोन परिणाम होतात. एक साधा: घाईने भरलेली टाकी गरम होते, गेज भरपूर दाब दाखवतं, आणि थंड झाल्यावर तोच आकडा खाली येतो. वैमानिक समजतो टाकी भरली, प्रत्यक्षात ती अपुरी असते. दुसरा परिणाम जीवघेणा. मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह झटक्यात उघडला तर वायू अरुंद नळीतून सुसाट जाऊन पुढच्या बंद टोकावर आदळतो आणि तिथे आधीपासून असलेली थोडीशी हवा एका क्षणात दीडशेपट दाबली जाते. उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. गणिताने पाहिलं तर त्या क्षणी तिथलं तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतं. तिथे ग्रीसचा थेंब, धुळीचा कण, रबराचा किंवा नायलॉनचा वायसर असेल तर तो पेटतो. आणि दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये आग एकदा लागली की ॲल्युमिनियमसुद्धा लाकडासारखं जळतं, पोलादही.

म्हणून ते गृहस्थ सिलिंडरच्या बाजूला उभे राहिले, गेजच्या तोंडासमोर नाही. मोठ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्यांनी इतका हळू फिरवला की सुरुवातीला काही घडतंय असं वाटलंच नाही. मग नळीत हलकी सरसर झाली. ते थांबले. नळी भरली, सगळे जोड तपासले, त्यावर ऑक्सिजनसाठीच तयार केलेलं गळती तपासायचं द्रावण लावलं. घरच्या साबणाच्या पाण्यात स्निग्ध अंश असू शकतो म्हणून ते नाही. बुडबुडा नाही. त्यानंतर मधला बारीक व्हॉल्व्ह, ज्याने प्रवाह रेसभर कमी-जास्त करता येतो, जरासा उघडला. एका हातात घड्याळ, डोळे गेजवर. मिनिटाला २०० पीएसआयपेक्षा वेग वाढू द्यायचा नाही, ही ऑक्सिजन भरणाऱ्यांसाठी अमेरिकेत रूढ असलेली मर्यादा. त्यांनी तिच्या निम्म्याने भरली. मध्येच टाकीला हात लावून पाहिला. कोमट वाटल्यावर पुन्हा थांबले. मी विचारलं, असं किती वेळ चालणार? “जेवढा लागेल तेवढा. घाई असेल त्या दिवशी मी भरतच नाही.”

भरून झाल्यावर आधी छोट्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद, मग मोठ्याचा, मग नळीत कोंडलेला दाब बाजूच्या छोट्या झडपेतून सोडून दिला, आणि तेव्हाच पाना लावला. दाबाखालची नळी कोणी सोडवायला गेलं तर ती चाबकासारखी फटकारते.

या सगळ्यात नाट्य काहीच नव्हतं, आणि म्हणूनच त्याचं महत्त्व मला पटलं. ऑक्सिजनच्या आगींचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: धोक्याची माहिती नव्हती म्हणून नव्हे, सवय झाली म्हणून आग लागली. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या यानात जमिनीवर चाचणी चालू असताना गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तीन अंतराळवीर आगीत मृत्युमुखी पडले. केबिनमध्ये वातावरणापेक्षा जास्त दाबाचा शुद्ध ऑक्सिजन भरला होता. आधीच्या मोहिमांतही तशाच चाचण्या झाल्या होत्या, काही झालं नव्हतं. दवाखान्यांतही तेच. १९९९ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ॲल्युमिनियमचे ऑक्सिजन रेग्युलेटर पेटल्याच्या घटनांवरून इशारा दिला आणि पितळी वापरण्याची शिफारस केली. २००६ मध्ये दुसरा इशारा आला, तो एका वायसरबद्दल. छोट्या टाकीवर रेग्युलेटर बसवताना लागणारा नायलॉनचा वायसर एकदा दाबला गेला की फेकून द्यायचा असतो. लोक तोच पुन्हा वापरत होते, त्यातून गळती होत होती आणि आगी लागत होत्या. काही पैशांचा वायसर.

वैमानिकांच्या गप्पांत मात्र या गोष्टी क्वचितच निघतात. तिथे तासन् तास वाद चालतो तो दुसऱ्याच प्रश्नावर: ऑक्सिजन कोणता भरायचा, विमानाचा, दवाखान्याचा की वेल्डिंगचा?

विमानासाठीचा ऑक्सिजन म्हणजे काय हे ठरवणारा अमेरिकी लष्कराचा निकष आहे. त्यानुसार शुद्धता किमान ९९.५ टक्के, आणि पाण्याचा अंश दहा लाखांत सात भागांहून जास्त नको. पाण्याची एवढी धास्ती कशाला? उंचावर विमानातलं तापमान शून्याच्या खाली जातं. रेग्युलेटरच्या बारीक छिद्रात ओलावा गोठला तर श्वासच बंद. वैद्यकीय ऑक्सिजनची किमान शुद्धता ९९ टक्के असते. दवाखान्यातला ऑक्सिजन ओलसर असतो असं बरेच वैमानिक मानतात, पण तो ओलावा रुग्णाच्या उशाशी असलेल्या पाण्याच्या बाटलीतून येतो. सिलिंडरातला वायू कोरडाच असतो. मोठ्या कारखान्यांत हवा थंड करून द्रवरूप करतात आणि उणे १८३ अंश सेल्सिअसला उकळणारा ऑक्सिजन वेगळा काढतात. तिन्ही प्रकारचे सिलिंडर बहुतेक वेळा त्याच द्रवातून भरले जातात.

म्हणून वेल्डिंगचा ऑक्सिजन चालतो असं म्हणायचं का? माझं मत स्पष्ट आहे: वायू सारखा असेल, सिलिंडर सारखा नसतो. फॅब्रिकेशनच्या दुकानात सिलिंडर कुठे उभा होता, कोणत्या हातांनी हाताळला गेला, उलट दाबाने त्यात ऍसिटिलीन शिरलं का, हे कोणाला सांगता येत नाही. वैद्यकीय आणि विमानाच्या सिलिंडरांच्या बाबतीत तो हिशेब ठेवला जातो, पैसे त्याचेच असतात. तेवढे मोजायला हरकत नसावी. पण तिथेच समाधान मानून, उत्तम प्रतीचा ऑक्सिजन आणून, तो गॅरेजमधल्या ग्रीस लागलेल्या पान्याने भरणारा माणूस वेल्डिंगच्या सिलिंडरवाल्यापेक्षा जास्त धोक्यात आहे.

महाराष्ट्रात या विषयाची ओळख आपल्याला विमानांनी नाही, २०२१ च्या कोरोनाच्या उन्हाळ्याने करून दिली. मोठ्या सिलिंडरसाठीचा ‘जम्बो’ हा शब्द घराघरांत गेला. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्यांचा तो म्हणजे वैद्यकीय. सगळा काळा तो कारखान्याचा, हे लोक रांगेत उभं राहून शिकले. कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला गेला, आर्गॉन-नायट्रोजनचे सिलिंडर साफ करून ऑक्सिजनसाठी वापरायला परवानगी मिळाली. ती परवानगी देणाऱ्या ‘पेसो’चं, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपूरला आहे, हे तेव्हाही फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. देशात दाबाखालचा वायू सिलिंडरात भरायचा तर गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार याच संस्थेचा परवाना लागतो. घरातल्या जम्बोतून छोटा सिलिंडर भरून घेण्याचे उद्योग त्या दिवसांत झाले. जीव वाचवायची तळमळ होती, दोष कोणाला देणार? आणि २१ एप्रिलला नाशिकच्या डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयातल्या टाकीला गळती लागली, पुरवठ्याचा दाब पडला, आणि त्याच दिवशी २२ रुग्ण दगावल्याची बातमी आली. ऑक्सिजन साठवणं आणि भरणं हे कुशल हातांचं काम आहे आणि त्या हातांना शिकवावं लागतं, हे त्या दिवशी जितकं कळलं तितकं नंतर लक्षात राहिलेलं दिसत नाही.

हँगरमध्ये परत येतो. टाकी भरणं कमी वेळा लागावं हीदेखील सुरक्षितताच, आणि त्यात खरी सुधारणा झालेली आहे. पूर्वीच्या पद्धतीत ऑक्सिजन सतत वाहतो: दर १०,००० फुटांना माणशी मिनिटाला एक लिटर, असा ढोबळ हिशेब. १५,००० फुटांवर दोघांना मिनिटाला तीन लिटर. ‘ई’ मापाच्या टाकीत ६८० लिटर मावतात, म्हणजे पावणेचार तास. यातला बराचसा वाया जातो, कारण आपण श्वास सोडत असतो तेव्हाही तो वाहतच असतो. आता इलेक्ट्रॉनिक यंत्रं मिळतात, ती श्वास आत घेण्याच्या पहिल्या क्षणाला ओळखून तेवढ्यापुरताच ऑक्सिजन सोडतात. तीच टाकी कित्येक पटींनी पुरते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर, जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये शोधलेल्या तत्त्वावर चालणारा, आज बऱ्याच वैमानिकांच्या खिशात असतो. त्यामुळे ‘मला बरं वाटतंय’ या भरवशावर कोणी राहायचं कारण उरलेलं नाही. टाकी जपून वापरायची तर अशी. नळी नाकाला लावायला उशीर करून नव्हे.

त्या गृहस्थांकडे दुसरीही एक टाकी होती, पोलादी. तिच्या खांद्यावर कोरलेले आकडे त्यांनी बॅटरीच्या उजेडात वाचायला दिले. साध्या पोलादी टाकीची दर पाच वर्षांनी पाण्याच्या दाबाने चाचणी करावी लागते: टाकी पाण्यात बुडवून, तिच्या कामाच्या दाबाच्या पाच-तृतीयांश दाब आत देऊन, ती किती फुगते आणि पुन्हा किती आकसते ते मोजतात. विमानांसाठी बनवलेल्या हलक्या पोलादी टाक्यांची चाचणी दर तीन वर्षांनी, आणि २४ वर्षं झाली किंवा ४,३८० वेळा भरून झाली की त्या कायमच्या बाद. काही जुन्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना मानेपाशी चिरा जातात, त्यांची तपासणी आणखी वेगळी. बाहेरून रंग छान आहे, यावरून काहीच कळत नाही.

या टाकीवरची मुदत दोन महिन्यांपूर्वी संपली होती. ती रिकामी करून, ‘भरू नये’ अशी चिठ्ठी बांधून त्यांनी कोपऱ्यात ठेवली होती, चाचणीला पाठवायला. त्या शनिवारी सांता फेला जायचं होतं, बरोबर पत्नी आणि एक मित्र. एका टाकीत तिघांचा हिशेब जेमतेम बसत होता, राखीव काही उरत नव्हतं. “बसत होता ना?” मी विचारलं. “कागदावर बसत होता,” ते म्हणाले, आणि नकाशा उलगडून त्यांनी दक्षिणेची वाट दाखवली: ला व्हेटाची खिंड, साडेनऊ हजार फुटांच्या आतली. लांबून जावं लागतं, पण साडेअकरा हजारांवरून पार होते.